तांबडी वाइन : साठवण, निवळ काढणे व हवा देणे

तांबड्या वा काळ्या द्राक्षांचा रस त्यांच्या सालींसह किण्वित (आंबवण्याची प्रक्रिया) करून मिळणाऱ्या मद्यास तांबडी वाइन म्हणतात. सालींमधून उतरणारी रंगद्रव्ये व टॅनिने यांमुळे तिला रंग आणि तुरटपणा येतो. ही द्रव्ये कालांतराने एकमेकांशी संयोग पावून जड होतात व तळाशी बसतात; या गाळास साका म्हणतात. साका बाटलीतच ठेवून वरचा स्वच्छ द्रव दुसऱ्या पात्रात ओतून घेणे म्हणजे निवळ काढणे होय. पिण्यापूर्वी वाइनचा हवेशी मुद्दाम संपर्क घडवून आणणे, ही क्रिया यापेक्षा वेगळी आहे. दोन्ही क्रिया एकाच सुरईत होत असल्याने त्यांची नेहमी गल्लत होते. साठवणीचा हेतू मात्र या दोहोंच्या उलट, म्हणजे हवा दूर ठेवण्याचा असतो. वाइनच्या पात्रांचा इतिहास हा बहुतांशी हवेवर ताबा मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे आणि घरगुती वापरातील आजचे संकेतही त्याच्याच आधारे उलगडतात.

प्राचीन काळ : जॉर्जियातील गदाच्रिली गोरा व शुलाव्हेरिस गोरा येथील मृत्पात्रांच्या खापरांवर द्राक्षमद्याचे अवशेष आढळले असून त्यांचा काळ इ. स. पू. सु. ६००० असा ठरविण्यात आला आहे (२०१७). इराणमधील हाजी फिरूझ तेपे येथील इ. स. पू. सहाव्या सहस्रकातील घड्यांत वाइनबरोबर वृक्षाची राळही सापडली. वाइन आंबट होऊ नये म्हणून राळ वापरण्याची पद्धत अशी फार जुनी आहे. ईजिप्तचा राजा तूतांखामेन याच्या थडग्यातील (इ. स. पू. चौदावे शतक) मद्यकुंभांवर वर्ष, मळा व मुख्य मद्यकार यांच्या नोंदी आहेत. या कुंभांतील अवशेषांच्या परीक्षणात तांबड्या द्राक्षांतील रंगद्रव्याचा अंश ओळखण्यात आला (२००४). वर्षाची नोंद ठेवण्याची गरज भासली, यावरून त्या काळी वाइन काही काळ साठविली जात असावी असे दिसते.

ग्रीक व रोमन लोक ॲम्फोरा नावाचे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे कुंभ वापरीत. त्यांच्या आतून राळेचा लेप देत व तोंड बूच किंवा माती आणि चुना यांनी बंद करीत. अशा कुंभांत हवा फारशी शिरत नसल्याने वाइन दीर्घकाळ टिके. इ. स. पू. १२१ मध्ये, ओपिमिअस हा कॉन्सल असताना झालेली वाइन रोमन साहित्यात विशेष प्रसिद्ध आहे. सु. दोनशे वर्षांनंतर थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात तिचा उल्लेख केला असून तोवर ती मधासारखी दाट व कडवट झाली होती असे म्हटले आहे. अशा जुन्या वाइनमध्ये साका असल्यामुळे ती धातूच्या गाळणीतून किंवा कापडातून गाळून, बहुधा पाणी मिसळून पीत. जर्मनीतील श्पायर येथे १८६७ मध्ये सापडलेल्या चौथ्या शतकातील काचेच्या बाटलीत द्रवावर ऑलिव्ह तेलाचा जाड थर होता व तोंडास मेण लावलेले होते. आतील द्रव सोळाशे वर्षांनंतरही उडून गेलेला नाही. हवेचा अटकाव करण्याचे ते एक साधे पण परिणामकारक साधन होते.

भूमध्य सागरी प्रदेशातील वाइन भारतातही येत असे. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीच्या वाइनची नोंद आहे. याच बंदराकडे पैठण व तेर येथून माल जात असे. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथील उत्खननात ॲम्फोरांची खापरे मिळाली आहेत.

पिंपांचा काळ : गॉल प्रदेशातील लोक लाकडी पिंपे वापरीत. ती गडगडत नेता येत, फुटत नसत व मोठी असत; त्यामुळे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांपासून पश्चिम यूरोपात त्यांनी ॲम्फोराची जागा घेतली. ही सोय महाग पडली. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येते व वाइन बाष्परूपाने बाहेर जाते. पिंपातून रोज थोडी थोडी काढल्यावर उरलेल्या पोकळीत हवा भरते. हवेतील ऑक्सिजनाच्या साह्याने ॲसिटोबॅक्टर वंशातील सूक्ष्मजंतू अल्कोहॉलाचे ॲसिटिक अम्ल बनवितात व वाइनची शिरका (व्हिनेगर) होऊ लागते. परिणामी मध्ययुगात नवी वाइन महाग व वर्षापूर्वीची स्वस्त असा व्यवहार होता. जुन्या वाइनची थोरवी रोमनांनंतर जवळजवळ हजार वर्षे लोप पावली होती. रिकाम्या पिंपात गंधक जाळण्याची पद्धत पुढे डच व्यापाऱ्यांनी रूढ केली. त्यातून निघणारा सल्फर डाय-ऑक्साइड वायू सूक्ष्मजंतूंस रोखतो व ऑक्सिडीभवन मंदावतो.

बाटली, बूच व सुरई : हे चित्र सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पालटले. जहाजबांधणीसाठी लाकूड राखून ठेवण्याच्या हेतूने पहिल्या जेम्स राजाने १६१५ मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. दगडी कोळशाच्या अधिक तप्त भट्ट्यांत जाड, काळपट व मजबूत काच होऊ लागली. अशा बाटल्यांच्या निर्मितीचे श्रेय सर केनेल्म डिग्बी यांस दिले जाते. पोर्तुगाल व स्पेनमधील ओक वृक्षाच्या सालीचे बूच या बाटल्यांना घट्ट बसे. बूच काढण्याच्या मळसूत्राचा लेखी उल्लेख १६८१ चा असून त्याचे पहिले एकस्व (पेटंट) सॅम्युएल हेन्शल यांना १७९५ मध्ये मिळाले. आरंभीच्या बाटल्या कांद्यासारख्या फुगीर होत्या व त्या उभ्याच ठेवाव्या लागत. अठराव्या शतकात त्या उंच व नळकांड्याच्या आकाराच्या झाल्या. अशा बाटल्या आडव्या रचता येतात, त्यामुळे बूच ओले राहून फुगलेले असते व हवा आत येत नाही. जुनी वाइन पुन्हा शक्य झाली ती या आकारबदलामुळे.

तथापि बाटलीत वाइन टिकू लागताच तिच्यात साकाही साठू लागला. १७०३ च्या मेथ्यूएन तहाने पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाली आणि इंग्लंडात पोर्ट वाइनचा प्रसार झाला. पोर्टचे डोरू नदीचे खोरे १७५६ मध्ये सीमांकित करण्यात आले. न गाळता बाटलीत भरलेली पोर्ट वर्षानुवर्षे ठेवली की तिच्यात पुष्कळ साका जमतो. तेव्हा निवळ काढणे ही चैन नसून गरज होती. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ मध्ये एकस्व मिळवून पुढे विकसित केलेल्या शिसेयुक्त तेजस्वी काचेच्या सुरया याच कामी आल्या. बाटलीवर नाव नसे, म्हणून सुरईच्या गळ्यात चांदीची नामपट्टी अडकविण्याची प्रथा पडली. अशा प्रकारे स्वच्छतेच्या एका उपायाला भोजनसमारंभातील मानाचे स्थान मिळाले.

पाश्चर यांचे संशोधन : तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनेवरून लुई पाश्चर यांनी १८६३ पासून वाइनच्या रोगांचा अभ्यास केला व त्यावरील ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी काही काचनळ्या वाइनने काठोकाठ भरून, तर काही अर्धवट भरून बंद केल्या. भरलेल्या नळ्यांतील वाइन जवळजवळ तशीच राहिली. अर्धवट नळ्यांतील वाइनचा रंग पालटला व साका बसला. ऑक्सिजन थोडा व सावकाश मिळाल्यास वाइन पक्व होते, एकदम व फार मिळाल्यास बिघडते, हे त्यांनी दाखविले. मारक व पोषक ही दोन्ही कार्ये एकाच वायूची आहेत, हा या विषयातील मध्यवर्ती सिद्धांत होय.

हवा देण्याविषयीचा वाद : विसाव्या शतकात बहुतेक वाइन गाळून बाटलीत भरल्या जाऊ लागल्या व निवळ काढण्याचे मूळ कारण उरले नाही. प्रथा मात्र टिकली आणि हवा देणे हे तिचे नवे समर्थन पुढे आले. बॉर्दो येथील वाइनतज्ञ एमिल पेनो (१९१२–२००४) यांनी यास हरकत घेतली. साका असेल तरच निवळ काढावा व तोही पिण्याच्या अगदी आधी, कारण हवेने सुगंध वाढण्यापेक्षा उडून जातो, असे त्यांचे मत होते. उलटपक्षी, तरुण व फार तुरट वाइन काही वेळ उघडी ठेवल्याने सौम्य लागते असा अनेकांचा अनुभव आहे. हायड्रोजन सल्फाइडासारखी दुर्गंधी द्रव्ये हवेने निघून जातात, यात शंका नाही. अतिजुनी, नाजूक वाइन मात्र सुरईत अल्पावधीतच निस्तेज होते. केवळ बूच काढून बाटली ठेवण्याचा उपयोग नगण्य आहे. बाटलीच्या गळ्यात वाइनचा सु. ३ चौ. सेंमी. पृष्ठभागच उघडा असतो, १५ सेंमी. व्यासाच्या सुरईत तो सु. १७५ चौ. सेंमी. होतो. पेल्यात वाइन घोळवल्यानेही पुष्कळसे कार्य साधते.

घरगुती पद्धती : साका असलेली बाटली एक-दोन दिवस उभी ठेवावी. बूच न हलवता काढून, गळ्यामागे दिवा धरून, मध्ये न थांबता संथ धारेने वाइन ओतावी व साका गळ्याजवळ येताच थांबावे. शिसेयुक्त काचेच्या सुरईत वाइन साठवून मात्र ठेवू नये. अशा पात्रांतून शिसे वाइनमध्ये उतरते, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. या काचेची सुरई काही तासांच्या वाढपापुरतीच वापरणे इष्ट.

बंद बाटल्या अंधारात, हादरे न बसता, सु. १२°–१४° से. तापमानास आडव्या ठेवतात. प्रखर प्रकाशाने वास बिघडतो. उष्णतेने वाइन प्रसरण पावून बूच सरकते व हवा आत शिरते. तापमान सतत बदलणे विशेष अपायकारक असते. यूरोपातील तळघरांवर बेतलेले हे संकेत महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नारायणगाव व नाशिक परिसरात गेल्या शतकाच्या अखेरीपासून वाइननिर्मिती वाढली व राज्याने २००१ मध्ये तिच्यासाठी धोरण जाहीर केले. परंतु येथील घरांत तळघर क्वचितच असते आणि उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पारा ४०° से. वर जातो. स्वयंपाकघरातील फडताळात वा पोटमाळ्यावर बाटली वर्षभर ठेवणे म्हणूनच योग्य नव्हे. शीतपेटीची सोय नसल्यास वाइन काही महिन्यांत संपविणे श्रेयस्कर. बाजारातील बहुसंख्य तांबड्या वाइन तरुणपणी पिण्यासाठीच केलेल्या असतात. केवळ जुन्या झाल्याने त्या सुधारत नाहीत.

उघडलेली वाइन बूच लावून शीतकपाटात ठेवल्यास साधारणपणे तीन ते पाच दिवस चांगली राहते. बाटलीतील हवा शोषून घेणारे पंप तसेच आर्‌गॉन वायू सोडणारी साधने उपलब्ध आहेत. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या एका साधनात बुचातून पोकळ सुई घालून, तो वायू आत सोडून वाइन काढतात. यांहून सोपा उपाय म्हणजे बाटली उघडताच अर्धी वाइन लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करणे. श्पायरच्या बाटलीतील तेलाच्या थराचे व पाश्चर यांच्या भरलेल्या नळीचे तत्त्वच येथे उपयोगात येते.