ह्युएची निळी गाडी

स्मारिकेसाठी काहीतरी लिहा, असे कमिटीने सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आमचा जन्म गेला पत्र्याच्या कामात. डेंटिंग, वेल्डिंग, पुट्टी, रंग. लेखणी आमच्या हातात शोभत नाही. पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली आणि तिने डोक्यात घर केले.

आपल्या वस्तीतला एक मुलगा कंपनीच्या कामानिमित्त व्हिएतनामला जाऊन आला. एका रविवारी वंदना झाल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "काका, जयभीम. ही गाडी बघा. तुम्ही या धंद्यातले आहात म्हणून विचारतो. एवढी मोठी ऐतिहासिक गाडी, तिच्यावर गंज चढलाय. हे लोक ती नीट का करत नाहीत?"

फोटोत फिक्या निळ्या रंगाची एक जुनी, गोलसर अंगाची मोटार होती. रंग विटलेला, कडांना तांबूस गंज. मी म्हणालो, "अरे, ही तर ऑस्टिन." तो म्हणाला, "कुठली ते नाही विचारलं, काका. नीट करावी की नाही ते सांगा."

गॅरेजमध्ये हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. उत्तर द्यायला पाच मिनिटे लागायची. या गाडीला मात्र वर्ष लागले.

गाडी कोणाची आणि तिथे कशी आली, ते आधी सांगायला पाहिजे. आपल्या पुष्कळ घरांत जळत्या भिक्खूचा तो फोटो माहीत आहे, पण त्यामागची हकिकत अर्धवटच माहीत असते.

दक्षिण व्हिएतनाममध्ये त्या वेळी न्गो दिन दिएम हे राष्ट्राध्यक्ष होते. देशातील बहुसंख्य लोक बौद्ध, पण सत्ता, बढत्या आणि सवलती यांत कॅथलिकांना झुकते माप, अशी बौद्धांची तक्रार होती. 1963 सालच्या मे महिन्यात बुद्धजयंतीला ह्युए शहरात बौद्ध ध्वज लावायला सरकारने मनाई केली. त्याच्या काही दिवस आधीच दिएम यांचे बंधू आर्चबिशप थुक यांच्या सोहळ्यात व्हॅटिकनचे झेंडे उघड फडकले होते. लोकांना हे झोंबले. 8 मे रोजी जमाव रेडिओ केंद्रासमोर जमला, तिथे सरकारी बळाचा वापर झाला आणि आठ-नऊ माणसे मेली. त्यांत लहान मुलेही होती.

हा ध्वज कोणता? आपल्या विहारावर आज जो फडकतो तोच. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. 1885 साली कोलंबोमध्ये तो पहिल्यांदा लागला आणि पुढे जगभरच्या बौद्धांनी आपला मानला. 1950 साली बाबासाहेब ज्या बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, तिथूनच जागतिक बौद्ध बंधुत्वाच्या चळवळीने जोर धरला. आपण दरवर्षी वर्गणी काढून जो झेंडा शिवतो, त्याच्यासाठी ह्युएमध्ये पोरे मेली, हे आपल्या पोरांना सांगितले पाहिजे.

बौद्धांनी सरकारपुढे पाच मागण्या ठेवल्या. ध्वजावरची बंदी उठवा, कॅथलिकांइतकेच हक्क द्या, धरपकड थांबवा, धर्म पाळण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य द्या, मृतांच्या घरच्यांना भरपाई आणि दोषींना शिक्षा द्या. यात काय जगावेगळे होते? काही हाती लागेना तेव्हा 66 वर्षांचे एक ज्येष्ठ भिक्खू थिच क्वांग डुक पुढे झाले. 11 जून 1963 च्या सकाळी ते सायगावच्या आन क्वांग विहारातून या निळ्या ऑस्टिनमध्ये बसून निघाले. साडेतीनशेच्या आसपास भिक्खू-भिक्खुणींची पदयात्रा आणि तिच्या पुढे ही गाडी. फान दिन फुंग आणि ले व्हान दुएत या दोन रस्त्यांच्या चौकात गाडी थांबली. भन्ते खाली उतरले. एकाने रस्त्यावर उशी ठेवली. भन्ते तिच्यावर पद्मासनात बसले. दुसऱ्याने गाडीतून आणलेले पेट्रोल त्यांच्या अंगावर ओतले. काडी त्यांनी स्वतः ओढली. जळताना ते हलले नाहीत.

असोसिएटेड प्रेसचे बातमीदार माल्कम ब्राउन तिथे हजर होते. त्यांनी काढलेला फोटो दुसऱ्या दिवसापर्यंत जगभर गेला. त्या फोटोत भन्तेंच्या मागे ही गाडी उभी दिसते, बॉनेट उघडे. सामान्य माणसाची नजर ज्वाळांवर जाते. माझी पण गेली. पण मिस्तरी माणूस, त्याला उघडे बॉनेट दिसल्याशिवाय राहत नाही.

ऑगस्टमध्ये सरकारने विहारांवर छापे घातले, हजारोंना धरले. 1 नोव्हेंबरला लष्कराने बंड केले आणि दुसऱ्या दिवशी दिएम मारले गेले. गाडी आता ह्युएच्या थिएन मू विहारात आहे. हा विहार 1601 सालचा, हुओंग नदीच्या काठावर, सात मजली मनोरा असलेला. मुख्य दालनाच्या मागच्या बाजूला गाडी ठेवली आहे. सोबत तो फोटो आणि चार ओळींची पाटी. नंबर अजून वाचता येतो, डीबीए 599.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

ही ऑस्टिन वेस्टमिन्स्टर, ए-95 मॉडेल. इंग्लंडमध्ये 1956 ते 1959 या काळात बनली. सहा सिलिंडर, सुमारे 2.6 लिटरचे इंजिन. आपली अँबॅसडर ज्या मॉरिसवरून आली ती मॉरिस आणि ही ऑस्टिन, दोन्ही एकाच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या. म्हणजे अँबॅसडरची ही चुलत बहीणच म्हणा, जरा श्रीमंत घरची. दोघींचे एक दुखणे सारखे. यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छत हे सगळे मिळूनच सांगाडा. त्यामुळे मडगार्ड गंजला तर गाडी कुरूप होते, पण दरवाज्याखालची पट्टी आतून कुजली तर गाडी कमरेतून खचते.

गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन आले की मी रंगाकडे बघतच नसे. पहिले काम, पायघड्या उचलायच्या आणि तळ बघायचा. मग पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकायची. टण आवाज आला तर पत्रा जिवंत, थप आवाज आला तर आत भुसा. मग चुंबक फिरवायचे. जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, कोणीतरी पुट्टी भरून वर रंग मारलेला आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली फोड येतात. वर दिसतो रुपयाएवढा फोड, खरवडले की हाताएवढे भोक. इंजिन जाम असले तरी मी घाबरत नसे. इंजिन खोलता येते, रिंग-पिस्टन घडवून मिळतात. कुजलेला सांगाडा मात्र पुन्हा बांधावा लागतो. आणि तो बांधताना एक वेळ अशी येते की मालकाला सांगावे लागते, "भाऊ, यातली तुमची गाडी आता थोडीच राहिली."

हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन. ते दोन हजार वर्षांपूर्वी कोणी बोलून ठेवले आहे, हे मला विहारात प्रवचनाला बसू लागल्यावर कळले. मिलिंदप्रश्नात भन्ते नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की तू रथातून आलास, तर रथ कोणता ते दाखव. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. भन्ते ते माणसाबद्दल समजावत होते, गॅरेजबद्दल नव्हे. पण मला त्या दिवशी प्रवचनात दरवाज्याखालच्या पट्ट्याच दिसत होत्या.

मग ह्युएच्या गाडीच्या पट्ट्या बदलल्या, तळ नवा घातला, निळा रंग नवा मारला, तर काय बिघडले? नाव तेच, नंबर तोच. अमेरिकेत असे केलेले आहे. रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी 1 डिसेंबर 1955 रोजी माँटगोमेरी शहरात ज्या बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला, ती 2857 नंबरची बस नंतर भंगारात गेली. एका माणसाने ती घेऊन शेतात ठेवली आणि आत लाकूड, अवजारे भरली. तीसेक वर्षे ती उन्हापावसात गंजली. 2001 साली हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती लिलावात 4 लाख 92 हजार डॉलरला घेतली आणि वर मोठा खर्च करून 1955 सालची दिसेल अशी केली. आज लोक तिच्यात चढतात, सीटवर बसतात.

हे मला पटते. कारण त्या बसची साक्ष सीटमध्ये आहे. पुढे कोण बसायचे, मागे कोण, कोणाला उठवायचे, हा सगळा अन्याय सीटच्या रांगेत होता. सीट नसलेला गंजका डबा दाखवून पोरांना ते कळले नसते. आपल्या लोकांना तर लगेच कळते, आपल्याकडे सीटच्या जागी पाणवठा होता एवढेच.

व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात दुसरी गाडी आहे. 1914 साली साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी जिच्यात मारले गेले, ती. तिच्या पत्र्यातले गोळीचे भोक तसेच ठेवले आहे. कोणी शहाण्याने ते भरून रंग मारला असता तर गाडी सुंदर दिसली असती, आणि कशाचीच साक्ष राहिली नसती.

ह्युएच्या गाडीचे काम काय होते? एका माणसाला विहारापासून चौकापर्यंत पोहोचवणे. परत न्यायचे नव्हते. तिचे काम त्या सकाळीच संपले. ती पुन्हा चालू झाली पाहिजे, असे म्हणायला मला काही कारण सापडत नाही. चकाचक केली तर ती कुठल्याही जुन्या मोटारींच्या प्रदर्शनातली एक होईल, आणि पोरे तिच्या क्रोमसमोर उभी राहून फोटो काढतील.

हे मी घरी बोललो तर सौभाग्यवती म्हणाल्या, "मग गंजून जाऊ द्या की. अनिच्च म्हणता ना रोज? गाडीचं एवढं काय घेऊन बसलात?" त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. पण तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले, ते बांधणाऱ्यांनाही अनिच्च माहीत होते. परंपरेत धातूंचे तीन प्रकार सांगतात. शरीराचे ते शारीरिक, वापरातल्या वस्तू त्या पारिभोगिक, जसे पात्र, चीवर, बोधिवृक्ष, आणि आठवणीसाठी घडवलेल्या मूर्ती वगैरे त्या उद्देशिक. क्वांग डुक भन्तेंचे हृदय चितेत जळले नाही, ते भक्तांनी जपले. त्या चौकात 2010 साली त्यांचे स्मारक झाले. आणि गाडी ही त्यांच्या वापरातली शेवटची वस्तू. तिला पारिभोगिक म्हणावे की नाही, हे भन्ते लोकांनी ठरवावे, मी नाही.

तेव्हा मुलाला मी असे सांगितले. रंग मारू नये. सँडपेपर तर अजिबात लावू नये. पण "तशीच राहू द्या" म्हणजे काहीच करू नका असेही नव्हे. ह्युएला वर्षाला अडीच मीटरहून जास्त पाऊस पडतो, शेजारी नदी. अशा हवेत गंज झोपत नाही. सुटा गंज मऊ ब्रशने काढावा, पोकळ पट्ट्यांत हवा खेळेल असे करावे, पाणी साचणारी छिद्रे मोकळी करावीत, टँक आणि इंजिनातले जुने तेल-पाणी काढून टाकावे, वजन टायरवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर घ्यावे, आणि वरून पातळ मेणाचा हात द्यावा. मेण उद्या काढता येते, रंग काढता येत नाही. तळ खचायलाच आला तर आतून, न दिसेल असा आधार वेल्ड करावा आणि कुठे केला ते लिहून ठेवावे. माझ्या धंद्यात हे काम कमी पैशाचे आहे. गिऱ्हाईक विचारेल, "मग केलंत काय?"

नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, कपडे आहेत, टाइपरायटर आहे. तो कोट कोणी ड्राय-क्लीन करून, नवी बटणे लावून ठेवावा असे आपल्यापैकी कोणाला वाटेल का? विटलेल्या कापडापुढे उभे राहूनच माणसाचा गळा भरून येतो.

हे सगळे लिहिण्याचे एक घरगुती कारणही आहे. विहाराची इमारत नव्हती तेव्हा मूर्ती, ग्रंथ आणि ध्वज एका पत्र्याच्या पेटीत असत, आणि ती पेटी दर पौर्णिमेला एका घरातून दुसऱ्या घरात जायची. झाकणावर हाताने लिहिलेली अक्षरे आहेत, वेडीवाकडी, एक वेलांटी चुकलेली. लिहिणारे बाबा रात्रशाळेत शिकले होते. पेटीचा तळ गंजला आहे. वर्धापनदिनासाठी ती निळ्या ऑइलपेंटने रंगवून अक्षरे शुद्ध करून लिहावीत, अशी सूचना आली आहे. सूचना प्रेमाने आलेली आहे, राग नाही. तळाला आतून नवा पत्रा मी फुकट बसवून देतो, मेणही माझे. झाकणाला ब्रश लावायचा असेल तर मात्र कमिटीने दुसरा माणूस बघावा.