गाळाचा हिशेब
छाणीच्या एका अंगाला आजवा, दुसऱ्या अंगाला मही. बडोद्याचे पुष्कळसे पिण्याचे पाणी या दोहोंचे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, अभियंते जगन्नाथ सदाशिव हाटे यांच्या योजनेनुसार, आजव्याचे मातीचे धरण १८९२ साली पूर्ण झाले. पावसाळी ओढे अशा तलावात पाण्याबरोबर मातीही आणतात. ती तळाशी बसते, साठा घटतो. अमेरिकेत विशमायर व स्मिथ यांनी १९६५ साली या धुपेचे गणित ग्रंथबद्ध केले: पाऊस, मातीची जात, उतार, पिकाचे आच्छादन, बांधबंदिस्ती यांचा गुणाकार. परंतु हे सूत्र शेतातून सुटलेली माती सांगते, तलावात पोहोचलेली नव्हे. आणि ज्यांना आपण कोतर म्हणतो त्या महीकाठच्या घळी तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणूनच वासदच्या मृदसंधारण केंद्रात १९५५ पासून झालेला कोतरांचा अभ्यास मला त्या सूत्राहून मोलाचा वाटतो.