दारातून गेलेला रस्ता

बरेच दिवस शनिवार-रविवारी लॅपटॉप उघडला की ऑफिसचंच काहीतरी निघायचं आणि लिहायचं राहून जायचं. आज मात्र ठरवून बसलोय. चहा घेतलाय, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलाय. तर मंडळी, आजचा विषय आहे पडकी हॉटेलं!

मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे डॅलसला आले होते. लाँग वीकेंडला जोडून सुट्टी टाकली आणि ग्रँड कॅन्यनला गाडीने जायचं ठरवलं. विमानाने सोपं पडलं असतं, पण मला वाटेत 'रूट ६६' बघायचा होता. गेली दोन-तीन वर्षं मला रस्त्याकडेच्या ओसाड जागांचे फोटो काढायचं वेड लागलंय. गंजलेले पेट्रोल पंप, रंग उडालेल्या पाट्या, फरशीतून उगवलेलं गवत... बायको याला 'भुताटकीचा अल्बम' म्हणते :-)

आमारिलो सोडून पश्चिमेला सत्तर-एक मैल गेलं की टेक्सास संपून न्यू मेक्सिको सुरू होतं. तिथे ग्लेनरियो नावाचं गाव आहे. म्हणजे होतं. 'ग्लेन' म्हणजे दरी आणि 'रिओ' म्हणजे नदी. प्रत्यक्षात दरीही नाही आणि नदीही नाही, नजर जाईल तिथवर सपाट माळ. बाबा म्हणाले, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

गाव बरोबर दोन राज्यांच्या सीमेवर. टेक्सासच्या बाजूला डेफ स्मिथ काउंटी, तिथे तेव्हा दारूबंदी होती. म्हणून बार न्यू मेक्सिकोच्या हद्दीत. न्यू मेक्सिकोत तेव्हा पेट्रोलवर कर जास्त होता. म्हणून पंप टेक्सासच्या हद्दीत. गाडीचं पेट्रोल इकडे, माणसांचं तिकडे! एका मोटेलची पाटी तर प्रसिद्धच आहे. एका बाजूने येणाऱ्याला ते 'टेक्सासातलं पहिलं' आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला 'टेक्सासातलं शेवटचं'. इमारत तीच, मालक तोच. आता पाटीचा सांगाडा आणि काही अक्षरं उरलीत.

थोडा इतिहास सांगतो. रूट ६६ ला हा नंबर मिळाला नोव्हेंबर १९२६ मध्ये. शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत २,४४८ मैल, म्हणजे सुमारे ३,९४० किलोमीटर. यामागे टल्सा शहरातला सायरस एव्हरी नावाचा माणूस होता. गंमत म्हणजे हा रस्ता नव्याने आखलेला नव्हताच. गावोगावचे आधीचे रस्ते एकमेकांना जोडले आणि सगळ्यांना मिळून एक नंबर दिला. त्यामुळे तो प्रत्येक गावाच्या पेठेतूनच जायचा. संपूर्ण रस्ता पक्का व्हायला १९३८ उजाडलं. मधल्या काळात ओक्लाहोमाच्या बाजूला दुष्काळ आणि धुळीची वादळं झाली आणि हजारो शेतकरी कुटुंबं सामान गाडीवर बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेकने १९३९ च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' मध्ये याला 'मदर रोड' म्हटलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं.

त्या काळच्या गाड्या तापायच्या. रेडिएटरमध्ये पाणी घालायला, टायर बघायला, पोटात काही टाकायला सारखं थांबावं लागायचं. गाडी जिथे थांबेल तिथे दुकान. ग्लेनरियोसारखी गावं अशी रस्त्यावर जगली.

मग १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवरने महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं जाळं आणि त्याचा ९० टक्के खर्च केंद्राचा. या नव्या रस्त्याला सिग्नल नाही, चौक नाही आणि ठरावीक एक्झिटशिवाय उतरता येत नाही. १९७३ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० ग्लेनरियोला वळसा घालून गेला. अगदी शेजारून! जुन्या पंपापाशी उभं राहिलं की ट्रकचा आवाज ऐकू येतो. पण ऐकू येणारी गाडी आणि थांबणारी गाडी यात फरक आहे. रूट ६६ वरचं बायपास झालेलं शेवटचं गाव म्हणजे अ‍ॅरिझोनातलं विल्यम्स, ऑक्टोबर १९८४. आणि २७ जून १९८५ ला तो नंबरच अधिकृत यादीतून काढून टाकला.

आता यात कुणी खलनायक आहे असं मला वाटत नाही. जुन्या दुपदरी रस्त्यावर समोरासमोर इतक्या धडका व्हायच्या की काही ठिकाणी त्याला 'ब्लडी ६६' म्हणत. नव्या रस्त्याने माणसं वाचली. शिवाय ते 'जुने चांगले दिवस' सगळ्यांचे नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कित्येक मोटेलांत खोली मिळत नसे. कुठे थांबता येईल हे सांगणारं 'ग्रीन बुक' नावाचं मार्गदर्शक पुस्तक १९३६ पासून निघायचं आणि लोक ते गाडीत ठेवून निघायचे. हे मी गाडीत सांगत होतो तर आई मागून म्हणाली, "आपल्याकडे हॉटेलात कप वेगळे ठेवायचे ते काय वेगळं होतं?" यावर काय बोलणार?

तर ग्लेनरियो. मी तासभर फोटो काढत होतो. प्रकाश मस्त होता. बाबा सावली शोधून बसले आणि आई त्या मोटेलच्या बंद दारासमोर नुसती उभी होती. म्हटलं, "आई, तशीच थांब, फ्रेम छान आलीये." ती म्हणाली, "माझा नको काढू. दादाच्या हॉटेलासारखं दिसतंय रे हे."

दादा म्हणजे माझा मामा. पुणे-सातारा रस्त्यावर गावातच त्याचं हॉटेल होतं. भजी, मिसळ आणि काचेच्या बरणीतली खारी. एसटी समोर थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टरला चहा फुकट. सुट्टीत गेलो की मी गल्ल्यामागे स्टुलावर बसून सुटे पैसे मोजायचो. मग सुवर्ण चतुष्कोन आला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारे ५,८४६ किलोमीटर. पुणे-सातारा हा त्यातल्या मुंबई-चेन्नईच्या बाजूचा तुकडा. रस्ता चौपदरी झाला आणि गावाला बायपास पडला. आम्ही पुण्याहून तासभर लवकर पोचायला लागलो म्हणून केवढे खूश होतो! दोन वर्षांत मामाने शटर ओढलं.

तिथे उभं राहून माझ्या लक्षात आलं की ग्लेनरियोचे माझ्याकडे तीनशे चाळीस फोटो झालेत आणि मामाच्या हॉटेलाचा एकही नाही. चालू असतानाचा नाही आणि बंद पडल्यावरचाही नाही. परक्याचं पडकं घर 'छान फ्रेम' वाटतं. आपल्या माणसाचं असलं की तिकडे कॅमेरा वळत नाही.

रात्री टुकुमकारीला मुक्काम होता. भारतात सकाळ झालेली, म्हणून आईने मामाला व्हिडिओ कॉल लावला. मी त्याला फोटो दाखवले आणि ग्लेनरियोची सगळी कथा सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, "त्या लोकांना सरकारनं पैसं दिलं का रं?"

याचं उत्तर असं की ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांना मोबदला मिळतो. तिथेही आणि आपल्याकडेही. पण वाहतूक दुसरीकडे वळली म्हणून धंदा बसला तर तो तोटा साधारणपणे कायद्याने भरून मिळत नाही. समोरून जाणाऱ्या गाड्यांवर तुमचा हक्क नसतो, असं अमेरिकन न्यायालयं सांगत आलीत. तर्काने बघितलं तर बरोबरच आहे म्हणा. मामाला हे सांगितल्यावर तो हसला. "म्हंजे सारखंच की. जागा गेली असती तर पैसं तरी मिळालं असतं. माझं नुसतं गिऱ्हाईक गेलं."

सगळीच गावं मेली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही अ‍ॅरिझोनात सेलिग्मनला थांबलो. १९७८ मध्ये तिथेही गाड्या एका दिवसात नाहीशा झाल्या होत्या. एंजल डेल्गाडिलो हा तिथला न्हावी. त्याने १९८७ मध्ये गावकऱ्यांना जमवून संघटना काढली आणि जुन्या रस्त्याला 'ऐतिहासिक' दर्जा मिळवून दिला. आज तिथे बसगाड्या भरून पर्यटक येतात. ग्लेनरियोचंही २००७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नाव लागलं. आणि एक गंमत सांगायची राहिलीच. न्यू मेक्सिकोत २०२२ पासून गांजाची विक्री कायदेशीर झाली, टेक्सासात बंदी आहे. त्यामुळे ग्लेनरियोत सीमेच्या पलीकडे आता गांजाचं दुकान आहे आणि त्यापुढे गाड्या उभ्या असतात. म्हणजे सीमेवर पुन्हा तोच धंदा, फक्त माल बदलला!

डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढलंय. मामाला म्हटलं, तुझ्या हॉटेलाचे फोटो काढायला येतो. त्याला पटेल असं वाटलं नव्हतं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काढ की. पण दोन दिस आधी सांग. शटर उघडून, झाडून घेतो. बंद दुकानाचा फोटो नको."