जोडी की धुरकरी?

धानाचे चुरणे आटोपले, पोती घरात आली आणि बांध्यांतील ओल आटून जमीन पायाखाली टणक लागू लागली, की सानगडीच्या किल्ल्याच्या टेकडीभोवतालच्या मुलखात, म्हणजे साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पलीकडे अर्जुनी-मोरगाव एवढ्या टापूत, पटाचे वारे वाहू लागते. पट म्हणजे शंकरपट. हलक्या गाडीला जुंपलेली बैलांची जोडी सरळ रेषेत जीव तोडून धावते, आणि ती थांबते न थांबते तोच बांधावर बसलेल्या मंडळींत एक कज्जा सुरू होतो, ज्याचा फैसला पिढ्यान्‌पिढ्या झालेला नाही: जिंकले ते बैल, की गाडीवर बसलेला धुरकरी?

पुणे जिल्ह्यातील घाटांत हा वाद इतका तीव्र होण्याचे कारण नसते, कारण तेथे चार बैलांचा गाडा हाकणाऱ्यावाचूनच धावतो आणि पुढे घोडी असते. विदर्भात मात्र गाडीवर माणूस बसतो, व माणूस आला की श्रेय आले, श्रेयामागून मत्सरही आला. मालगुजारी अमलात ही गोष्ट आणखी ठळक असणार. गावचा तलाव, गावची जमीन आणि दारातील जोडी यांवरून मालगुजाराचा दबदबा मोजला जाई. तेव्हा जोडी जिंकली तर मानाचा फेटा धन्याला आणि हरली तर शिव्या धुरकऱ्याला, हा न्याय कोणास विचित्र वाटला नसावा. 1951 साली मालगुजारी गेली. हा न्याय तिच्यासोबत गेला, असे मला तरी दिसत नाही.

बैलांच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ पुरावा भरपूर असतो. खुराची ठेवण, छातीचा भरदारपणा, मानेचा ताठा, कानांची हालचाल आणि मुख्यतः दोन्ही बैलांच्या पावलांचा मेळ, एवढे पाहून ते जोडीची किंमत सांगतात. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ जातीचे अंग मुळातच चपळ; मराठ्यांच्या अमदानीत जलद वाहतुकीसाठी तिची जोपासना झाली, असे सांगतात. अशा बैलाला धावायला कोणी शिकवावे लागते काय, हा त्यांचा प्रश्न.

धुरकऱ्याच्या बाजूचे लोक कमी बोलतात, पण माझ्या मते त्यांचे पाहणे अधिक बारीक असते. सुटण्यापूर्वीचे ते काही क्षण पाहावेत: बैल थरथरत असतात, नाकपुड्या फुललेल्या असतात, दोघे-चौघे गडी जू व शिंगे धरून मागे रेटत असतात, आणि त्या गदारोळात गाडीवरचा इसम कासरा किंचित सैल सोडतो, पुन्हा आवळतो, कारण दोघांपैकी एक बैल नेहमीच अधिक तापट असतो आणि तो अर्धे पाऊल आधी निघाला तर गाडी तिरकी होऊन शर्यत तेथेच संपते. हे अर्धे पाऊल घड्याळात दिसत नाही. पूर्वी झेंडी आणि नजर यांवर निकाल होत असे. पुढे सेकंदांचे अपूर्णांक दाखविणारे घड्याळ आले व कोणती जोडी पहिली याविषयीचे भांडण मिटले, परंतु घड्याळ हिशेब देते तो बैल आणि माणूस यांच्या एकत्रित बेरजेचा, वाटणीचा नव्हे.

अमेरिकेतील त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूविषयी नेमका असाच तंटा चालतो. चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालविणारा हा गडी. 1973 साली तेथील व्यावसायिक संघटनेने चार निकषांचे एक सूत्र स्वीकारून त्याच्या फेकीला गुण देण्यास आरंभ केला, आणि त्या सूत्राचा सर्वोच्च आकडा 158.3 असा काहीसा अजब आहे. तरीही फेक अचूक असता झेलणारा चुकला तर दोष कोणाचा, पुढची फळी भक्कम म्हणून तो शूर दिसतो काय, यावरून तेथील शौकीन अद्याप हातघाईवर येतात. सूत्राने आमच्या घड्याळापेक्षा अधिक काही साधले असे वाटत नाही. धुरकऱ्यांच्या बाबतीत निदान एक सोय होती: नामांकित धुरकरी निरनिराळ्या मालकांच्या जोड्या हाकीत, त्यामुळे एकच हात दोन जोड्यांवर आणि एकच जोडी दोन हातांखाली पाहावयास मिळे.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यतींवर बंदी आली. राज्याने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली तरी प्रत्यक्ष परवानगी मिळण्यास 16 डिसेंबर 2021 उजाडला, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा कायम केला. आता जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो, बैलांची तपासणी होते, आणि काठी, चाबूक व पराणी वर्ज्य आहे. क्रौर्याचे आक्षेप निराधार होते असे म्हणण्याची माझी तयारी नाही. शेपटी पिरगाळून जिंकलेल्या जोड्यांच्या कथा बांधावरच, तेही कौतुकाने, सांगितल्या जात. पण या नियमांचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. हातातील पराणी गेल्यावर धुरकऱ्याजवळ उरतो तो आवाज आणि कासरा, आणि बैल कोणाचे ऐकतो, कोणाला केवळ भितो, हे आता दुरूनही ओळखू येते.

दिवसा पट आणि रात्री नाटक ही आमच्या या मुलखाची, म्हणजे झाडीपट्टीची, जुनी जोडगोळी. मंडपात नायक खलनायकाला दरडावीत असतो, मागल्या रांगेत मात्र कांबळे पांघरलेले दोघे म्हातारे अजून दुपारच्याच शर्यतीत असतात. एक जण दोन्ही मुठी पुढे करून कासरा कसा धरावयास हवा होता ते दाखवितो, आणि दुसरा त्याची डावी मूठ धरून बोटभर खाली ओढतो.