स्ट्रिंग, पॅटर्न आणि दोन घराणी

फंक्शनल प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणारे स्ट्रिंगपाशी हमखास अडतात. पॅटर्नमध्ये दोन स्ट्रिंगांची जोड लिहून ते मजकूर तोडू पाहतात आणि हॅस्केलचा कंपायलर नकार देतो. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे, कारण पॅटर्न मॅचिंग या एका नावाखाली दोन वेगळी घराणी नांदत आली आहेत. पहिलं स्नोबॉलचं. १९६२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी ती भाषा मजकूर हाताळण्यासाठीच घडवली; तिथे पॅटर्न म्हणजे शोध. दुसरं घराणं रॉड बर्स्टल यांचं. १९६९ च्या त्यांच्या निबंधाचा विषय होता सिद्धता: रचना ज्या पायऱ्यांनी उभी राहते, त्याच पायऱ्यांनी तिच्याविषयीचं विधान सिद्ध करायचं. एडिंबरोची होप, डेव्हिड टर्नर यांची मिरांडा आणि १९९० ची हॅस्केल या वाटेवरच्या. त्यांचा पॅटर्न विचारतो, ही वस्तू बनली कशी? रिकामी नसलेली लिस्ट एकाच रीतीने बनते, पहिला घटक आणि उरलेली लिस्ट. जोडीचं तसं नाही: तीन चिन्हांचा मजकूर, रिकामा तुकडा धरून, चार ठिकाणी तुटू शकतो. कंपायलरने कुठे तोडावं?

मग स्ट्रिंगला चिन्हांची लिस्ट केलंच कशाला, हा आक्षेप रास्त आहे. लिस्ट मेमरी फार खाते, आणि हॅस्केलमध्ये मोठ्या मजकुरासाठी पुढे वेगळी टेक्स्ट लायब्ररी वापरात आली. पण लिस्टसाठीची प्रत्येक व्याख्या आणि प्रत्येक सिद्धता मजकुराला आयती लागू पडली, हा लाभ लहान नव्हता. स्टँडर्ड एमएलने स्ट्रिंग वेगळी ठेवली. तिथे चिन्हागणिक पॅटर्न लावायचा तर आधी एक्स्प्लोड करून तिची चिन्हांची लिस्ट बनवावी लागते. स्ट्रिंगला लिस्ट मानण्याची खरी किंमत एर्लांगमध्ये दिसते, जिथे स्ट्रिंग म्हणजे चिन्हांच्या आकड्यांची लिस्ट: [८०, ११७, ११०, १०१] ही आकड्यांची लिस्ट शेल रोमन लिपीतलं पुणे म्हणून छापतं, आणि नवशिक्याला आपले आकडे हरवले असं वाटतं. देवनागरीत अडचण आणखी वाढते. हॅस्केल ‘पुणे’ची लांबी ४ सांगते, कारण उकार आणि एकार सुटे मोजले जातात. शब्द उलटवला, तर एकार आधाराविना सुरुवातीला येतो आणि उकार ‘प’ला सोडून ‘ण’ला चिकटतो.

स्ट्रिंगचा प्रकार बदलला की हा गोंधळ मिटेल, असं काहींना वाटतं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. एलिक्झिरने नेहमीची स्ट्रिंग लिस्ट न ठेवता यूटीएफ-८ बाइटांची केली, आणि तिथे ‘पुणे’ची लांबी २ येते. तरीही जोडीचा पॅटर्न लिहून तिथे ‘पुणे’ने सुरू होणारा मजकूर ओळखता येतो, ‘पुणे’ने संपणारा येत नाही.