थेंबाची मुदत

खापा, 1867

उजाडता उजाडता तुम्ही मागावर बसता. कंबरेपासून खालचं शरीर खड्ड्यात, समोर ताणलेला ताणा, आणि धोटा या हातातून त्या हातात. बाहेर कन्हान वाहते आहे, पलीकडे आमराया आहेत. याच वर्षी गावाला नगरपालिका मिळाली आणि याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. त्या रेल्वेनं विलायती कापड स्वस्तात येतं, ही काळजी कोष्ट्यांच्या घराघरात आहे. तुमचं वय पस्तीसच्या आसपास. घरातली पाच-सहा तोंडं तुमच्या दोन हातांवर जगतात. खरं तर दोन डोळ्यांवर.

लुगड्याच्या किनारीपाशी एक धागा तुटतो. तुम्ही वाकता, टोक शोधता, चिमटीत धरून पीळ देता. धागा डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आहे. तो स्पष्ट दिसावा म्हणून डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळतो, त्यानं आतलं भिंग फुगतं आणि नजर जवळ येते. दिवसातून शेकडो वेळा हे घडतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

भिंतीशी वडील बसले आहेत. या घरातले सगळ्यात चांगले विणकर तेच होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, बाहुली पांढरी झाली आहे. दुसरी बाहुली मात्र काळी, स्वच्छ, तुमच्यासारखीच.

"बाबा, या डोळ्यानं दिसते का?"

"बाजूचं दिसते. मधात अंधार हाये. तुहं तोंड नाही दिसत मले."

तुम्ही दिवा उचलून त्यांच्या चेहऱ्याजवळ नेता. आत काय बिघडलं ते पाहायचं आहे. पण उजेड पडताच बाहुली आकसते. दिवा जितका जवळ न्याल तितकं ते दार लहान होत जातं, आणि आत फक्त काळोख दिसतो. 1867 सालच्या खाप्यात या काळोखाला उत्तर नाही. ते जगात कुठं आहे का, हे बघायला तुम्हाला हा माग सोडून जावं लागेल.

तंजावर, 1820च्या दशकात

कानावर मराठी पडते आणि तुम्हाला हायसं वाटतं. हा भोसल्यांचा दरबार आहे, पण नागपूरकर भोसल्यांचा नव्हे. दक्षिणेतल्या या गादीवर 1798 पासून सरफोजी राजे, म्हणजे दुसरे सरफोजी, आहेत. ग्रंथ जमवणारा, वैद्यकाचा ध्यास असलेला राजा. त्यांच्याकडे डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जातात आणि चितारी त्या रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढतात. पुढं सरस्वती महाल ग्रंथालयात ती जपली जातील.

तुम्ही एका चित्रावर वाकता. लाल झालेली शीर, पापणीची सूज, भिंगावरचा पांढरा डाग, सगळं आपुलकीनं रंगवलेलं. तुम्ही स्वतः बारीक कामाचे, त्यामुळे या चिताऱ्याच्या हाताची किंमत तुम्हाला कळते. मग लक्षात येतं की प्रत्येक चित्र फार तर भिंगाशी थांबतं. त्यामागं नुसता काळा रंग आहे. वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याचं चित्र या चिताऱ्यानं निरोगी डोळ्यासारखंच काढलं असतं. त्यात त्याचा दोष नाही. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा अजून कुणीच नीट पाहिलेला नाही.

कोनिग्सबर्ग, 1850

थंडी अशी, की खाप्याच्या माणसाची बोटं वाकत नाहीत. एका खोलीत 29 वर्षांचे प्राध्यापक हर्मान हेल्महोल्ट्झ काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरून बसले आहेत. त्यांनी ओळखलंय की बाहुली काळी दिसते ती आत काही नाही म्हणून नव्हे. डोळ्यात गेलेला उजेड आला त्याच वाटेनं परत फिरतो. ती वाट पाहायला जाल, तर तुमचंच डोकं दिव्याच्या आड येतं. म्हणून त्यांनी दिवा बाजूला ठेवला, काचेवरून उजेड आत वळवला आणि त्याच काचेतून आरपार पाहिलं.

तुमची पाळी येते. तुम्ही काचेला डोळा लावता. काळा रंग जातो आणि त्या जागी शेंदरी-लाल उजेड पसरतो. त्यात फिकट गोल नस, आणि तिच्यातून फुटलेल्या रक्तवाहिन्या. चिरफाड न करता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या उघड्या दिसाव्यात अशी शरीरातली ही एकच जागा. डिसेंबर 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ हे बर्लिनच्या सभेत सांगतील आणि 1851 मध्ये छापतील. चार-पाच वर्षांत व्हिएन्नाचा एडुआर्ड येगर मधुमेही माणसाच्या पडद्यावरचे बदल टिपेल.

पण तुम्हाला बघायला मिळतो तो पडद्याचा छोटासा तुकडा. उजेडानं बाहुली आकसते, आणि कडी लावलेल्या दाराच्या फटीतून खोली बघावी तशी गत होते. यंत्र मिळालं. आता ते दार उघडं ठेवणारं काहीतरी हवं.

मुंबई, 1880च्या दशकात

ते काहीतरी तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे. शेताच्या बांधावर, उकिरड्याशी, महाशिवरात्रीच्या पूजेत. धोतरा.

सरकारी रसायन परीक्षकाच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. मोफसलातून एका मेलेल्या वाटसरूचा व्हिसेरा आला आहे. रस्त्यात कुणीतरी त्याला आपुलकीनं खाऊ घातलं, तो बरळायला लागला, तोंड कोरडं पडलं, बाहुल्या फाकल्या, आणि गाठोडं लुटलं गेलं. धोतऱ्याचं विष म्हणजे या काळातली वाटमाऱ्यांची ओळखीची रीत. परीक्षक पोटातल्या अंशाचा अर्क काढतो आणि त्याचा थेंब मांजरीच्या डोळ्यात टाकतो. तुम्ही वाट पाहता. उभ्या रेघेसारखी तिची बाहुली हळूहळू रुंदावते, गोल होते आणि खिडकीतलं ऊन पडलं तरी मिटत नाही. गुन्ह्याचा पुरावा मिळाला.

जो गुण इथं खुनाची साक्ष देतो, तोच डॉक्टरला हवा आहे. युरोपात बेलाडोना नावाची धोतऱ्याच्याच कुळातली वनस्पती आहे. तिच्यातून ॲट्रोपीन 1830च्या दशकातच शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. धोतऱ्यातही तेच आहे. मज्जातंतू स्नायूला जो निरोप धाडतो, तो ते स्नायूपर्यंत पोचू देत नाही. बाहुली आवळणारा स्नायू ढिला पडतो आणि 2 मिलिमीटरची बाहुली 7-8 मिलिमीटरची होते. उजेड कितीही पडो, दार उघडंच राहतं.

तुम्हाला वाटतं, आता हा थेंब घेऊन खाप्याला परतावं.

पुन्हा खापा, 1867

तुम्ही परतता, पण आधी थेंब स्वतःच्या डोळ्यात घालून बघता. तासाभरात अंगणातलं ऊन सुईसारखं टोचू लागतं. कन्हानेच्या पलीकडची झाडं बरी दिसतात. तुम्ही मागावर बसता, धागा तुटतो, तुम्ही वाकता आणि टोक दिसतच नाही. भिंग फुगवणारा तो बारीक स्नायूही याच निरोपावर चालतो, आणि तोही ढिला पडला आहे. वडिलांच्या वयाच्या माणसाचं भिंग आधीच ताठ झालेलं असतं, त्यांचं जवळचं फारसं जात नाही. तुमचं मात्र सगळं गेलं. एक दिवस थांबता. दुसरा दिवस. आठवडा होतो. ॲट्रोपीन सात ते दहा दिवस सोडत नाही, कधी त्याहून जास्त.

दहा दिवस माग बंद. सावकार थांबणार नाही, चूल थांबणार नाही. खाप्यातल्या विणकराला डोळ्याची तपासणी परवडत नाही ती अशी. डॉक्टर दारात येऊन फुकट तपासतो म्हणाला, तरी परवडत नाही.

म्हणून या औषधाचा पुढचा इतिहास तुम्ही विणकराच्या नजरेनं बघा. बाहुली उघडण्याचं काम ॲट्रोपीननं पुरेपूर केलं होतं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं रसायनशास्त्रज्ञ ती लवकर मिटावी यासाठी झटत राहिले. 1880च्या सुमारास आल्बर्ट लाडेनबुर्गनं होमॅट्रोपीन तयार केलं आणि दहा दिवसांचे एक ते तीन दिवस झाले. 1950च्या दशकाच्या अखेरीला ट्रॉपिकामाइड आलं. ते वीस-तीस मिनिटांत बाहुली उघडतं आणि बहुतेकांची चार ते आठ तासांत पूर्ववत होते. मजुरीच्या हिशेबात दहा दिवसांची एक दुपार झाली.

तालुक्याचं गाव, 1970च्या दशकाची अखेर

शाळेला सुट्टी आहे आणि वर्गात नेत्रशिबिर भरलं आहे. 1976 मध्ये देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून तालुक्यातालुक्यात हे दृश्य दिसतं. तुम्ही आजीचा हात धरून व्हरांड्यात बसला आहात. नर्सबाई रांगेतून फिरतात, प्रत्येकाची खालची पापणी ओढून थेंब टाकतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांतला रंगच औषध धरून ठेवतो, त्यामुळे बाहुली फाकायला वेळ लागतो.

"बाई, हे टाकल्यावर अजूनच कमी दिसून रायलं!" आजी घाबरून म्हणते.

"दिसेल, आजी. संध्याकाळपर्यंत उतरते. तवरोक उन्हात नका जाऊ."

हे दोन शब्द कुणी सांगितले नसते, तर आजी तिथूनच उठून गेली असती. रांगेतले काही उठून जातातही.

आज, खापा

तुम्ही तुमच्या स्वतःच्या काळात येता. खाप्यात माग कमी झालेत. कुणी गुमगावच्या मँगनीजच्या खाणीवर जातं, कुणी शेतावर, कुणी मोटरसायकलनं नागपूरला. बारीक काम आता मोबाइलच्या पडद्यावर आलं आहे. आणि घराघरात शुगर आली आहे.

मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपतात, तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीला दिसायलाही कमी येत नाही. 1867 मध्ये भिंतीशी बसलेल्या बापाच्या दुसऱ्या डोळ्यासारखी बाहुली काळी आणि स्वच्छच राहते. फरक एवढाच की आता आत बघता येतं आणि वेळेवर पाहिलं तर लेझरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचवता येते. म्हणून टाइप-2 मधुमेह निघाला की लगेच, आणि नंतर दरवर्षी पडदा तपासायचा. काही ठिकाणी बाहुली न फाकवता फोटो काढणारे कॅमेरे आले आहेत. पण फोटो धूसर आला, किंवा पडद्याची कड नीट पाहायची असली, तर थेंब लागतोच. त्याची मुदत अजून कमी करायचे प्रयत्नही चालू आहेत. फाकलेली बाहुली लवकर पूर्ववत करणाऱ्या थेंबांना अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळाली.

तरीही माणसं टाळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. एक दुपार म्हणजे अर्धी मजुरी असते. सोबत कुणीतरी लागतं, म्हणजे आणखी एकाचा खाडा. राग येतो तो हे आधी न सांगणाऱ्या व्यवस्थेचा. शिबिराच्या पत्रकावर तारीख असते, पाहुण्यांची नावं असतात. गाडी आणू नका, सोबत माणूस आणा, काळा चष्मा किंवा टोपी आणा, संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसेल, एवढ्या ओळी तिथं हव्यात. पूर्वी काचबिंदूचा त्रास झाला असेल, बीपी किंवा हृदयाचा आजार असेल, तर थेंबाआधी सांगा, हेही हवं. घरी गेल्यावर डोळा लाल झाला, ठणका लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात या, हे तर मोठ्या अक्षरात हवं. काचबिंदूचा असा झटका क्वचित येतो, पण तो घालवायला हाताशी तासच असतात.

आणि ज्यांच्या घरात शुगरचा माणूस आहे त्यांच्याशी मला थेट बोलायचं आहे. आशाताईंना विचारा, तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्याचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात. त्या दिवशी तुमचा खाडा पडू द्या, वडिलांना बसनं घेऊन जा, थेंब टाकला की त्यांच्याशेजारी बसा आणि काय होतंय ते सांगत राहा. त्या बापाच्या मुलानं दहा दिवसही दिले असते, पण त्याच्या खाप्यात आत पाहणारं कुणी नव्हतं. तुमच्याकडे कुणीतरी आहे, आणि मागणं फक्त एका दुपारचं आहे.