न बोलावता येणारी चित्रं

आमच्या नाशिकच्या घरात २००३ साली संगणक आला, तो हॉलमध्ये. आईने त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात आई-बाबा चारधाम करून आले. रोल धुवायला टाकले तेव्हा फोटोवाल्याकडून सीडीही करून घेतली. मी ते फोटो एका फोल्डरमध्ये टाकले, स्क्रीनसेव्हरला तो फोल्डर जोडला आणि कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी आई खाली बसून मेथी निवडत होती. पाच मिनिटं माऊसला कुणाचा हात लागला नाही. पडदा काळा झाला आणि त्यातून हळूहळू केदारनाथचं देऊळ वर आलं. जुडी तिच्या हातात तशीच राहिली. मी उठायला लागलो, तर म्हणाली, "थांब रे, हात लावू नकोस. जाईल ते."

अल्बम आपण मुद्दाम काढून बसतो. हे चित्र आपल्या पायांनी घरात आलं होतं. तेव्हापासून मला या गोष्टीचं मूळ शोधायचा नाद आहे आणि ते शोधताना मी पुन्हापुन्हा आमच्या गावाशीच येऊन थांबतो.

प्रवास करून आल्याची खूण पूर्वी प्रवाशाच्या घरी फारशी नसायची. ती तीर्थाच्या ठिकाणी राहायची. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आजही आहेत: कुठल्या गावचं कोण घराणं, कोण कोणाबरोबर आलं होतं, खाली सही. पणजोबांच्या हातची सही बघायची तर नाशिकला यावं लागतं. काशीहून परतलेला माणूस घरी मावंदं घालायचा, गंगाजल वाटायचा. जे पाहिलं ते मात्र तोंडानेच सांगायचा. दाखवायला हातात काही नसायचं.

दाखवायची सोय उजेडाने केली. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याचा दिवा १६५९ सालचा: आत ज्योत, पुढे भिंग, मधे काचेवरचं चित्र. पुढे हाच जादूचा कंदील घेऊन युरोप-अमेरिकेतले व्याख्याते देशोदेशीची चित्रं दाखवत फिरले. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास असे खेळ सुरू केले आणि त्यांना देखणं नाव दिलं: शांबरिक खरोलिका. शंबरासुर मायावी, त्याची विद्या शांबरी. त्या मायेचा हा दिवा. काचेवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, जोडीला निवेदन, आणि एकामागून एक काचा इतक्या सफाईने सरकवायच्या की चित्रातली माणसं हलल्यासारखी वाटावीत.

कल्याणहून नाशिकला येणाऱ्या लोहमार्गावरूनच पुढची गोष्टही येते. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी छायाचित्रकार होते, छपाईच्या धंद्यात होते आणि जादूचे प्रयोगही करत. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. पट फिरवला तेव्हा अंकुर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वर आला. 'अंकुराची वाढ' ती हीच. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. माझ्या लेखी ही या कुळकथेतली सगळ्यात मोलाची पायरी आहे, कारण सुटी सुटी स्थिर चित्रं ओळीने लावली की त्यांतून काळ दिसतो, हे एका मराठी माणसाने घरच्या कुंडीत सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी फाळके आपलं बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले.

घरगुती स्लाइडचा काळ त्यानंतरचा. १९३०च्या दशकात कोडाक्रोम फिल्म आली आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या रंगीत पारदर्शिका हौशी लोकांच्या हाती आल्या. १९६१ला कोडॅकने गोल चकतीचा कॅरोसेल प्रोजेक्टर काढला. एका चकतीत ८० स्लाइड. भिंतीवर पांढरी चादर, दिवे बंद, आणि दर चित्रामागे एक खट्ट आवाज.

स्क्रीनसेव्हरचं घराणं मात्र अगदी वेगळं. त्याचा जन्म चित्र पुसण्यासाठी झाला. जुन्या, पाठीला पोट असलेल्या मॉनिटरमध्ये काचेच्या आतून फॉस्फरचा लेप असे. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत आपटला की तो उजळायचा. एकच मजकूर तासन्‌तास एकाच जागी राहिला की तेवढ्या जागचा लेप झिजायचा आणि संगणक बंद केल्यावरही काचेवर त्या अक्षरांची सावली दिसायची. कायमची. यावर जॉन सोचा या प्रोग्रॅमरने १९८३च्या डिसेंबरात एका संगणक मासिकात छोटासा प्रोग्रॅम छापला: तीन मिनिटं कळफलकाला हात लागला नाही की पडदा काळा. तो आद्य स्क्रीनसेव्हर मानतात. काळ्या पडद्यावर काहीतरी हलतं ठेवलं तरी लेप वाचतो, हे लक्षात आल्यावर १९८९ला बर्कली सिस्टिम्सच्या 'आफ्टर डार्क'ने पंख फुटलेले टोस्टर उडवले, आणि पुढे विंडोजमध्ये तारे आले, नळांचं जाळं आलं.

२००१च्या विंडोज एक्सपीत 'माय पिक्चर्स स्लाइडशो' आला आणि दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली. रखवालदाराच्या हातात कंदील आला. तीनच वर्षांनी, २००४ला, कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं.

सपाट एलसीडी पडद्यांना राखणदाराची गरज उरली नाही. वीज वाचवायची तर पडदा सरळ बंद करावा. तरी लोकांनी चित्रं काढून टाकली नाहीत. आता ओलेड पडद्यांवर सावली उमटण्याचा जुना धोका पुन्हा आला आहे आणि दिवाणखान्यातले टीव्ही रिकाम्या वेळी फोटो दाखवू लागले आहेत. केदारनाथ पुन्हा हॉलमध्ये येऊ शकतं.

म्हणून एक विनंती. घरात माळ्यावर स्लाइडची खोकी असतील तर पावसाळ्याआधी खाली काढा; नाशिकच्या दमट जुलै-ऑगस्टात फिल्मला बुरशी धरते. स्लाइड स्कॅन करून घ्या. मोबाइलमधल्या हजारो फोटोंतून चाळीसच निवडा, त्यांत बाबांनी काढलेला तिरपा फोटोही असू द्या, आणि फाईलच्या नावात जागा, साल, माणसांची नावं लिहा. तीर्थोपाध्याय वहीत लिहितात तशी.